डाव्या पायाचा नाल

मी पोटासाठी बेळगावच्या कोर्टात वकिली करते, पण जीव माझा घोड्याच्या खुरांत अडकलेला आहे. हे मी पहिल्यांदा खासबागेतल्या आमच्या शेजारणीला सांगितलं तेव्हा तिने मला आधी बसवलं, पंखा लावला आणि सरबत करून आणलं. तिचं काही चुकलं नाही. चांगली शिकलीसवरलेली बाई रविवारी सकाळी निपाणीची बस धरते, दिवसभर घोडीचा पाय गुडघ्यांत धरून वाकते आणि संध्याकाळी केसांत खुराचा भुसा घेऊन परत येते, म्हटल्यावर कुणालाही काळजी वाटेल. गल्लीतल्या कुत्र्यांना मात्र माझं फार कौतुक. खुराची कापलेली साल कुत्र्यांना बिस्किटापेक्षा प्रिय असते, आणि ती माझ्या पिशवीत असते हे त्यांनी केव्हाच ओळखलं आहे.

माहेर आमचं निपाणीच्या अलीकडे. ऊस, तंबाखू आणि शर्यतीचा नाद, ही आमच्या घरची तीन पिकं. आमच्या भागात गाडीला एका अंगाला बैल आणि दुसऱ्या अंगाला घोडा जुंपून शर्यत लावतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो. बैल आपल्या मनाचा, घोडा आपल्या मनाचा आणि गाडीवान मागे उभा राहून दोघांची समजूत काढतोय. पण ही विजोड जोडी एकदा जुळून पळायला लागली की अंगावर काटा येतो. लहानपणापासून बघत आले, तरी आजही कासरे ताणलेले दिसले की मला खाली बसवत नाही.

अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, तांबडी घोडी आहे. ती जन्मली तेव्हा तिच्या आईला दूध नव्हतं. कोर्टाला उन्हाळी सुट्टी होती, म्हणून बाटलीने दूध पाजायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून ती मला आपली समजते आणि मी तिला माझी. पुढे ती दगडावरून घसरली आणि तिच्या डाव्या पुढच्या खुराला उभी चीर गेली. सगळ्यांनी विकायचा सल्ला दिला. अण्णाने ऐकलं नाही. चीर वाढत्या खुराबरोबर हळूहळू खाली सरकली आणि एक दिवस कापली गेली, पण त्यानंतरही एकदोन शर्यतींतून ती लंगडत परत आली. एकदा खडा लागला, एकदा नाल ढिला झाला. कारण काहीही असो, आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, लंगडं जनावर बघवत नाही. गावच्या यात्रेत शर्यत असते, तर या यात्रेच्या आधी त्यांनी जेवताना ताटावरच सांगून टाकलं की ह्या खेपेला लंगडत आली तर तिला बेळगावच्या वरातवाल्याला देऊन टाकायची. तिथे पळणं नाही, हळूहळू चालणं आहे. अण्णा हात धुवायला उठला तो परत ताटावर आलाच नाही.

वरातवाला माणूस वाईट नव्हता. पण पळायला जन्मलेली ती घोडी डोक्यावर तुरा लावून बँडच्या मागे उभी आहे, हे मला डोळ्यांसमोर आणवेना.

आता नालबंद मामूंबद्दल सांगायला हवं. निपाणीहून मोटरसायकलवर येतात, मागे पत्र्याची पेटी बांधलेली, पेटीत हातोडी, पकड, खूर तासायची रापी, कानस आणि ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा. दाढी मेंदीने लाल. बोलणं अखंड. एका सिनेमातल्या घोड्याला नाल मारल्याचं ते सांगतात आणि सिनेमा दर वेळी वेगळा असतो. पण हात सोन्याचा. आमची घोडी त्यांनासुद्धा पाय द्यायची नाही, म्हणून मी पाय धरायला उभी राहिले. पाय धरता धरता कानस हातात आली, कानशीनंतर रापी, आणि मग एका रविवारी मामूंनी हातोडी माझ्या हातात दिली. त्या दिवशी मी इतकी खूश होते की बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला खिळा काढून दाखवला. ती पुढच्या स्टॉपला उठून दुसऱ्या सीटवर गेली.

खिळा मारणं हे सगळं कानाचं काम आहे. खुराच्या बाहेरच्या कडेला जीव नसतो, आपल्या नखासारखी ती कड असते. मामू तिला पक्कं म्हणतात. त्याच्या आत जिवंत भाग, ते कच्चं. खिळा पक्क्यातून जात असला की हातोडीचा आवाज खणखणीत येतो. तो कच्च्याकडे वळायला लागला की आवाज बसतो, आणि तिथे थांबायचं. थांबला नाहीत तर घोडी तिथेच लंगडी, आणि आत पू झाला तर कायमची. मागच्या पायांना मी खिळे मारायला लागले होते, पण पुढच्या पायांना मामू मला हात लावू देत नसत. पळण्याचा सगळा भार पुढच्या पायांवर येतो, तिथली चूक घोडा माफ करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक गोष्ट. शर्यतीच्या घोड्याला नाल मारायच्या आधी मामू विचारणारच, घोडा कुठल्या अंगाला? बैल जू आपल्याकडे ओढतो, त्यामुळे घोडा पळताना बाहेरच्या बाजूला रेलतो. डाव्या अंगाला असला तर डावीकडे, उजव्या अंगाला असला तर उजवीकडे. मग मामू त्या बाजूच्या पुढच्या पायाला बाहेरून जाड असा नाल घडवतात, म्हणजे रेलून पळतानाही पाय सरळ पडतो. आमची घोडी कायम डाव्या अंगाला पळायची. यात्रेसाठी मामूंनी तिच्या डाव्या पायाला तसाच जाड कडेचा नाल बसवला, तिची पाठ थोपटली, आणि दुसऱ्या दिवशी बेळगावला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं.

यात्रेच्या तोंडावर आमचा बैल आजारी पडला. वैरणीला तोंड लावेना. अण्णाने सदलग्याच्या आत्याला फोन केला. आत्याचा बैल नावाजलेला. तिने लगेच हो म्हटलं, आणि शर्यतीच्या सकाळी टेम्पोतून बैल मैदानावर हजर. काय बैल होता तो. पांढराशुभ्र, शिंगं तासलेली, मान उंच. बैल कसा पळतो, बुजतो का, घोड्याशेजारी उभा राहतो का, हे सगळं अण्णाने फोनवर विचारलं होतं. तो कुठल्या अंगाला चालतो, एवढं विचारायचं मात्र राहून गेलं. शर्यतीवर जन्म काढलेल्या घरात हा प्रश्न कुणालाही सुचला नाही, मलासुद्धा नाही. जू पुढे केलं आणि बैल सरळ चालत जाऊन डाव्या अंगाला उभा राहिला. उजवीकडे ढकलला तर पाय रोवून हंबरायला लागला.

अण्णा म्हणाला, घोडी उजवीकडे जुंपू, त्यात काय. खरंच, त्यात काय, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. आमच्या गटाची पाळी यायला अजून अवकाश होता. मैदान फुलून गेलं होतं. माईकवरचा माणूस मराठीत सुरू करून कानडीत संपवत होता, पोरं मोबाइल उंच धरून शूटिंग करत होती, हलगी कडाडत होती, आणि मी आनंदाने नुसती इकडून तिकडे फिरत होते. अण्णाने अंदाज घ्यायला गाडी हळू पळवली. पहिल्याच वळणावर घोडीने मान खाली टाकली. पुन्हा टाकली. पुढचं पाऊल आखडलं.

कुणीतरी म्हणालं, घोडी लंगडली. आप्पा माझ्या शेजारीच होते. त्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि अगदी शांतपणे गड्याला टेम्पो जवळ घ्यायला सांगितलं. म्हणजे घोडी आजच वरातवाल्याकडे.

मी धावत घोडीजवळ गेले. पायांवरून हात फिरवला. खूर गार होते, कुठे दाबलं तरी ती दचकली नाही. मग दिसलं. उजव्या पायाच्या आतल्या अंगाला, खुराच्या वर, केस खरवडलेले होते आणि खाली लालसर कातडी. ताजं होतं ते. लंगडेपणा नव्हताच. डाव्या पायाचा नाल उजव्या पायाला लागत होता आणि ती बिचारी तो चुकवायला पाऊल आखडत होती.

मामू मैदानाच्या कडेला ताडपत्रीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. डॉक्टरांनी वाकायचं नाही आणि धुळीत जायचं नाही असं बजावलं होतं. वाकायचं नाही एवढं ते पाळत होते. मी सांगितल्यावर त्यांनी आधी मैदानाला नावं ठेवली, मग बैलाला, मग अण्णाच्या गाडी हाकण्याला. त्यांचा नाल कुणाला लागणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं की घोडी आज उजव्या अंगाला जुंपलीय. मामूंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते. उजवीकडे रेलणाऱ्या घोडीच्या डाव्या पायाला बाहेरून जाड नाल, म्हणजे तो पाय आत पडणार आणि शेजारच्या पायाला ठोकर बसणार. आता हा नाल काढून साधा, सपाट नाल बसवायला हवा होता. पेटीत सपाट नाल होता. मामूंना वाकता येत नव्हतं. दुसरा नालबंद चिकोडीला.

"वकीलबाई मारंल," मामू म्हणाले.

आप्पांनी ते ऐकलं. ते म्हणाले की हे हिचं काम नव्हे, पुढचा पाय आहे, चीर गेलेला खूर आहे, त्यात आठवड्यापूर्वीची भोकं आहेत. एक खिळा कच्च्यात गेला तर घोडी वरातीच्यासुद्धा कामाची उरायची नाही. ते म्हणत होते त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरीही, खरं सांगते, माझे हात हातोडीकडेच ओढ घेत होते. मी अण्णाकडे बघितलं. घोडी त्याची होती.

"कर गं," अण्णा म्हणाला. "तू केलंस तरच हुईल."

मी ओढणी कमरेला आवळली, मामूंचं कातडी आवरण पुढे बांधलं, घोडीकडे पाठ करून तिचा पाय उचलला आणि गुडघ्यांत धरला. तिने आपला भार माझ्यावर टाकला आणि लांब श्वास सोडला. तोंड धरायला कुणी शांत माणूस हवा होता. आप्पाच पुढे आले आणि त्यांनी लगाम धरला.

वळवलेल्या खिळ्यांची टोकं सरळ केली, पकडीने नाल उपटला. कानस फिरवून खूर सपाट केला. सपाट नाल ठेवून बघितला तर एका बाजूने किंचित बाहेर येत होता, तो रुळाच्या तुकड्यावर ठोकून आत घेतला. मामू खुर्ची पुढे ओढून कान देऊन बसले होते. पहिला खिळा मी जुन्या भोकाच्या जरा बाजूला धरला आणि ठोकला. खण, खण, खण. टोक खुराच्या बाहेर, जिथे यायला हवं तिथेच आलं. दुसरा खणखणीत. तिसरा, चौथा, पाचवा. मी हे करतेय, पुढच्या पायाला, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

सहावा, शेवटचा खिळा जुन्या चिरेच्या बाजूचा. दोन ठोके बरोबर गेले. तिसऱ्याला हातोडीखाली काहीतरी मऊ लागलं. नेमकी तेव्हाच हलगीवाल्यांची मिरवणूक आमच्या अंगावरून गेली आणि आवाज काही कळेना. घोडी हलली नाही, पण माझ्या गुडघ्याला लागलेलं तिचं कातडं थरथरलं. मी थांबले.

मामू म्हणाले, आवाज बरोबर हाय, मार. मी म्हटलं, हलगीत तुम्हाला काय ऐकू आलं? ते तापले. पाच खिळ्यांवर नाल दगडातून पळताना टिकत नाही, अर्ध्या वाटेत उडाला तर घोडी उघड्या पायाने पळेल आणि पुन्हा चीर जाईल, असं ते म्हणत होते. हेही खरंच होतं. मारला तर कच्च्याची भीती, न मारला तर नाल उडायची. आणि पलीकडे कमिटीचा माणूस आमच्या गाडीकडे हात करून 'बेगा, बेगा' म्हणून घाई करत होता.

"मामू, माज्या हाताला कळतंय," मी म्हटलं. "न्हाय मारत मी."

खिळा मी उपटला. टोक आतल्या बाजूला वळलेलं होतं, जुन्या भोकात घसरून ते आत निघालं होतं. रक्त नव्हतं. वाळलेलं, स्वच्छ टोक. मी ते आप्पांना दाखवलं. त्यांनी ते बोटाने चाचपून बघितलं. पाच खिळ्यांची टोकं मी वळवून आवळली, एकेकावर जास्तीचा ठोका दिला, वरून कानस फिरवली आणि पाय खाली ठेवला. अण्णाने घोडी जुंपली. मला उभं राहता येईना, कंबर धरली होती, तशीच वाकून मी दोरीपर्यंत गेले.

झेंडा पडला. गाड्या सुटल्या.

लोक गाड्या बघत होते, मी एक पाय बघत होते. धुळीत चार पाय बैलाचे, चार घोडीचे, त्यांतला एक माझा. ऊन लागलं की नवा नाल लकाकायचा, मग धुळीत बुडायचा, मग पुन्हा लकाकायचा. तो लकाकला की माझा श्वास सुरू आणि नाही दिसला की बंद. चाबूक-काठी कुणाच्याच हातात नव्हती, नियमच तसा. अण्णा नुसता तोंडाने बोलत होता, बैलाला एका आवाजात आणि घोडीला दुसऱ्या. लांबच्या निशाणाला वळसा घालताना आमची गाडी चौथी होती. घोडी बाहेरच्या बाजूला रेलली, पाय बरोबर पडला, कुठेही लागला नाही. मी ते डोळ्यांनी बघितलं आणि किंचाळले. शेजारच्या माणसाने कानावर हात ठेवला.

परतीच्या वाटेवर खडी होती. तिथे त्या दोघांना काय झालं कोण जाणे. आत्याचा बैल आणि आमची घोडी, सकाळपर्यंत एकमेकांचं तोंड न बघितलेले, एका लयीत पळायला लागले. तिसरे आले. दुसरे आले. माईकवरच्या माणसाला आता मराठी की कानडी तेही उमजेना. शेवटी पहिल्या गाडीच्या चाकाला चाक लावून आमची गाडी रेषेवरून गेली, अगदी थोडक्यात दुसरी. आणि थांबलीच नाही. अण्णा मागे झुकून कासरे ओढत होता, ओरडत होता, आणि जोडी सरळ मैदान ओलांडून पलीकडच्या उसात घुसली.

आम्ही सगळे धावलो. गाडी सरीत रुतली होती, बैल उसाला तोंड लावून उभा होता, अण्णाचं कोपर सोललं होतं आणि तो वेड्यासारखा हसत होता. माझी नजर खाली गेली. नाल जागेवर होता. पाच खिळे, पाचही जागेवर. माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही, कारण आप्पा उसातून वाट काढत येत होते.

त्यांनी अण्णाकडे बघितलं नाही. आधी घोडीचा उजवा पाय उचलून खुरावर तळहात ठेवला, मग डाव्या खुरावर. पळून आल्यावर सगळेच खूर गरम असतात, म्हणून एकाशी दुसरा ताडून बघायचा असतो. आप्पांचा हात डाव्यावर बराच वेळ राहिला. मग त्यांनी घोडी जुवातून सोडली आणि लगाम धरून बांधावर चालवली. पुढे गेली, वळली, परत आली. मान वर, पाऊल सारखं.

आप्पा माझ्यासमोर येऊन थांबले. माझ्याकडे न बघता घोडीच्या गळ्यावरचा घाम हाताने निपटत म्हणाले, "म्हयन्यानं नाल बदलाय लागंल हिचा. कोर्टाला सुट्टी कवा हाय तुज्या?"

मला एकही सुट्टी आठवेना. अण्णा मागे हसायचा थांबला होता आणि तोंड फिरवून उसाकडे बघत होता. मी म्हटलं, "तुमी म्हणशीला तवा येतो, आप्पा," आणि घोडीच्या ओल्या मानेत तोंड खुपसून मनसोक्त रडले.